तिळारीजवळचा पक्षी अभ्यासाचा कोर्स: माझा अनुभव

मार्चमध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात, तिळारीच्या जंगलालगत पाच दिवसांचा कोर्स केला, बॅच सगळी कॉलेजची नाहीतर नुकतीच एमएस्सी झालेली मुलं. आयोजकांचं नाव टाकत नाहीये कारण खाली एक तक्रार पण आहे, पण कोर्स करू का म्हणाल तर नक्की करा.

मी आत्तापर्यंत लिस्टवालीच होते, नवीन पक्षी दिसला की टिक आणि फोटो. इथे पहिल्याच सकाळी ते बंद. एका जागी दहा मिनिटं गप्प उभं राहायचं, दिसेल आणि ऐकू येईल तो प्रत्येक पक्षी अंदाजे अंतरासकट लिहायचा, मग दोनशे मीटर पुढे जाऊन परत तेच. दाट जंगलात पक्षी दिसतात कमी आणि ऐकू येतात जास्त, कान तयार नसेल तर वही कोरी राहते, माझी राहिली. देवराईत तिसऱ्या दिवशी एका थांब्यावर १९ नोंदी झाल्या आणि येताना रबराच्या लागवडीत ४, तेव्हा पोटात खड्डाच पडला.

पण खरा पैसा वसूल झाला तो धनेशाच्या (हॉर्नबिल) ढोलीपाशी! जुन्या बेहड्यात मलबारी कवड्या धनेशाची मादी स्वतःला आत लिंपून बसलेली, नुसती एक फट उघडी, आणि आम्ही लांब झाडांच्या आडोशाला तीन तास. नर आला, आधी फांदीवर बसून इकडेतिकडे बघितलं, मग गळ्यातून एकेक फळ वर काढून चोचीच्या टोकाने फटीतून आत, मी १७ मोजली. एवढी मोठी ढोली जुन्या झाडालाच असते आणि खायला वड-उंबर लागतातच, यातलं एक तोडलं तरी त्या जोडीचं घर मोडतं, हे तिथे बसून जे कळतं ते स्लाईडवर नाही कळत.

आता तक्रार. रात्री बेडूकमुखी (फ्रॉगमाउथ, रात्री फिरणारा पक्षी) बघायला गेलो तर एकाने मोबाईलवर त्याचा आवाज लावला, परत परत, आणि शिकवणारे समोर असून गप्प. विणीच्या दिवसांत असं केलं की पक्षी हद्द राखायला धावत येतो, घरट्याकडे दुर्लक्ष होतं. आम्ही तिघींनी बोलल्यावर दुसऱ्या रात्री बंद केलं. हा नियम पहिल्याच दिवशी सांगायला हवा, संवर्धन शिकवताय ना?

जेवण घरगुती, घावणे मस्त. दुर्बीण स्वतःची न्या, तिथल्या पुरत नाहीत. हिवाळ्यातही बॅच असते म्हणे, पण ढोली बघायची तर मार्चचीच घ्या.