मोबाइलवरून स्तनकर्करोगाचे शिक्षण: चार आठवड्यांचा अनुभव

एका स्वयंसेवी संस्थेने मोबाइलवरून चालवलेला स्तनकर्करोगविषयक विनामूल्य वर्ग मी आणि गावी राहणाऱ्या माझ्या जाऊबाईंनी नुकताच पूर्ण केला. दर बुधवारी व्हॉट्सअ‍ॅपवर एक छोटी चित्रफीत येत असे आणि शनिवारी दुपारी एक परिचारिका झूमवर शंकांना उत्तरे देत असे.

या वर्गाने संकोच मोडला, हे त्याचे मोठे यश. डॉक्टरांसमोर ज्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही, त्या जाऊबाईंनी कॅमेरा बंद ठेवण्याची मुभा असल्यामुळे स्तनाग्रातून येणाऱ्या स्रावाविषयी स्वतःहून विचारले. गाठ दुखत नाही म्हणजे काळजीचे कारण नाही, हा आम्हा दोघींचाही समज होता. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही, आणि हाताला लागणाऱ्या बहुतेक गाठी मात्र कर्करोगाच्या नसतात, या दोन्ही गोष्टी परिचारिकेने घाई न करता समजावल्या. त्वचेवर संत्र्याच्या सालीसारखे पडणारे खळगे आणि काखेतली गाठ यांची चित्रेही स्पष्ट होती.

चित्रफिती मात्र घरातल्या एकमेव स्मार्टफोनवर, म्हणजे जाऊबाईंच्या मुलाच्या फोनवर येत. शिवाय रेंजसाठी गच्चीवर जावे लागे. स्तनपरीक्षणाचे प्रात्यक्षिक पाहण्यासाठी ती जागा कितपत सोयीची, याचा विचार आयोजकांनी केलेला दिसला नाही.

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. चारपैकी तीन आठवडे स्वयंपरीक्षणावरच खर्च झाले. शांघायमध्ये 2,66,064 कामगार स्त्रियांवर झालेल्या आणि 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत केवळ स्वयंपरीक्षण शिकवल्याने मृत्यू कमी झाले नव्हते. याउलट टाटा मेमोरियलने मुंबईत सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेल्या दीर्घ अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी केली, तेव्हा रोग लवकरच्या टप्प्यात सापडू लागला आणि पन्नाशीपुढील स्त्रियांमधील मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी घटले. म्हणजे आपल्या हाताइतकाच शिकलेला हातही हवा, आणि तो कुठे मिळेल हे वर्गात कुणी सांगितले नाही. जाऊबाईंना ‘डॉक्टरांना दाखवा’ एवढेच उत्तर मिळाले. तिशीपुढील स्त्रियांची ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते, हे त्यांना नंतर गावच्या आशाताईंनी सांगितले आणि त्याच त्यांच्यासोबत गेल्या.