स्ट्रॅटेगो: झेंडा कोपऱ्यात, मध्ये की उघड्यावर?

स्ट्रॅटेगो हा दोघांनी पटावर खेळायचा युद्धाचा खेळ, समोरच्याचा लपवलेला झेंडा घेतला की डाव जिंकला. खेळायला बसलं की पहिली चाल व्हायच्या आधीच अर्धा डाव ठरलेला असतो. समोरच्याला आपल्या मोहऱ्यांची फक्त पाठ दिसते, त्यामुळे ४० मोहरे कुठे उभे केले यावरच पुढचं सगळं अवलंबून. नव्याने खेळायला लागलेले बरेच जण दर वेळी वेगळी मांडणी करून बघतात आणि कुठलीच नीट हातात बसत नाही. त्यापेक्षा एक मांडणी निवडून तीच वीस-पंचवीस डाव खेळावी. कुठली निवडायची, यासाठी ही तुलना.

माझं म्हणणं आधीच सांगतो. झेंड्याची जागा आणि हल्ल्याची बाजू एकमेकांचा विचार न करता ठरवू नका. बॉम्ब हलत नाही, आणि मायनर हा एकच मोहरा तो काढू शकतो; बाकी जो आदळेल तो मरतो. असे बॉम्ब सहाच असतात. ते झेंड्याभोवती किती खर्च केले, यावर पुढे कुठली वाट बंद ठेवता येईल आणि सगळ्यात मोठा मोहरा, मार्शल, किती मोकळा राहील हे ठरतं.

पट १० बाय १० घरांचा, मधोमध चार-चार घरांची दोन तळी. म्हणून पलीकडे जायला तीनच वाटा आहेत, प्रत्येक दोन घरं रुंद. आपल्या पहिल्या ओळीतल्या दहा घरांपैकी चार तळ्यांमागे अडकतात, सहाच मोकळी असतात. जुना अमेरिकन संच हाती आला तर आकडे आधी बघून घ्या. त्यात मार्शल १ नंबरचा असतो, बाकीकडे तो १० असतो. इथे मी १० धरूनच लिहितोय, म्हणजे मोठा आकडा लहानाला मारतो: मार्शल १०, जनरल ९, कर्नल ८, मेजर ७, कॅप्टन ६, लेफ्टनंट ५.

कोपरा

कोपऱ्यातल्या झेंड्याला दोनच बॉम्ब लागतात, एक शेजारी आणि एक पुढे. हाच त्याचा मोठा फायदा. उरलेल्या चारांपैकी दोन त्याच बाजूच्या वाटेवर पहिल्या ओळीत लावले की ती वाट बंद, आणि शेवटचे दोन दुसऱ्या कोपऱ्यात चकवा म्हणून. तोटा उघड आहे: मुरलेला खेळाडू सगळ्यात आधी कोपरेच तपासतो, आणि बंद केलेली वाट त्याला बोट दाखवून सांगते की इकडे काहीतरी आहे. शिवाय एक मायनर पोचला की एका चालीत बॉम्ब जातो आणि पुढच्या चालीत झेंडा.

यावर एक चांगला उपाय आहे. झेंड्याच्या तिरक्या घरात सार्जंट ठेवा. ते घर दोन्ही बॉम्बांना चिकटलेलं असतं. मायनर (३) बॉम्ब काढून त्या जागी आला की सार्जंट (४) लगेच त्याला मारतो. आणि हा सार्जंट शेवटपर्यंत हलवला नाही, तर समोरच्याला तोही बॉम्बच वाटतो. मग मायनर थेट त्याच्यावरच येऊन आदळतो. हा एक सार्जंट चढाईत वाया घालवू नका.

मागची ओळ, मधला किल्ला

इथे झेंड्याला तीन बॉम्ब लागतात, दोन्ही बाजूंना आणि पुढे. मग उरतात तीन, आणि त्या तिनांचा अगदी तसाच दुसरा किल्ला मागच्याच ओळीत उभा राहतो. आत झेंड्याऐवजी सार्जंट. आता समोरच्यासमोर दोन सारखे किल्ले आहेत आणि मायनर पाचच, त्यातलेही एक-दोन वाटेत मरतात. चुकीचा किल्ला फोडला तर फोडणारा मायनरही आतल्या सार्जंटच्या हाती सापडतो.

किंमत अशी की पुढे लावायला एकही बॉम्ब उरत नाही. तिन्ही वाटा जिवंत मोहऱ्यांनी सांभाळाव्या लागतात, सगळं बळ एका बाजूला लोटता येत नाही.

उघडा झेंडा

बॉम्ब एकीकडे, झेंडा भलतीकडे, साध्या मोहऱ्यांच्या आड. जमलं तर समोरचा सगळे मायनर रिकाम्या किल्ल्यावर घालवतो. पण झेंड्यासमोरचा मोहरा हलला आणि सरळ रेषा मोकळी झाली, की सरळ रेषेत कितीही घरं धावणारा स्काउट पटाच्या दुसऱ्या टोकावरून एका चालीत येऊन झेंडा घेतो. नवख्याने या वाटेला जाऊ नये. एकाच माणसाशी वारंवार खेळत असाल आणि तो तुमची सवय ओळखून बसला असेल, तेव्हा एखाद्या डावात हे काढावं.

हल्ला: मुसंडी की चाचपणी?

कोपऱ्याच्या मांडणीला मुसंडी शोभते. बंद वाटेच्या विरुद्ध बाजूला मार्शल, त्याच्यामागे कर्नल, आणि सुरुवातीलाच घुसायचं. समोरचा नवखा असेल तर तो कोलमडतो. पण मार्शलने पहिला मोहरा मारला की तो ओळखला जातो. तिथून पुढे समोरचा हेर, म्हणजे मार्शलला मारू शकणारा छोटा मोहरा, त्याच्यावर टपलेला असतो, आणि न हललेल्या मोहऱ्यावर मार्शल घालायची हिंमत आपल्याला होत नाही, कारण तो बॉम्ब असू शकतो.

मधल्या किल्ल्याला चाचपणी लागते. कॅप्टन, लेफ्टनंट, स्काउट पुढे पाठवायचे, मोठे मोहरे झाकून ठेवायचे. मोहरा गेला तरी समोर काय उभं आहे हे कळतं, आणि या खेळात ते कळणंच मोलाचं. २०२२ मध्ये डीपमाइंड या एआय कंपनीच्या डीपनॅश या प्रोग्रॅमने हे फार स्पष्ट दाखवलं. ग्रॅव्हॉन या ऑनलाइन पटावर तरबेज माणसांविरुद्ध त्याने ८४ टक्के डाव जिंकले. एका डावात त्याने एक मेजर आणि एक कर्नल गमावला, पण त्या बदल्यात समोरच्याचे मार्शल, जनरल, एक कर्नल आणि दोन मेजर कुठे आहेत हे त्याला कळलं होतं. दुसऱ्या एका डावात त्याने साधा स्काउट मार्शल असल्यासारखा कर्नलच्या मागे लावला. माणूस फसला, हेर पुढे केला आणि गमावून बसला. हे वाचल्यापासून माझी चाचपणीवरची भिस्त आणखी वाढली.

हेर स्वतः हल्ला करतो तेव्हाच मार्शलला मारतो. मार्शलने आधी वार केला तर हेर गेलाच. म्हणून तो जनरलच्या जवळ असावा. गेल्या महिन्यात भाच्याशी खेळताना माझ्या जनरलने त्याचा कर्नल मारला आणि उघडा पडला. भाच्याचा मार्शल लगेच जनरलशेजारच्या घरात आला. ते घर माझ्या हेराच्याही शेजारचं होतं. भाचा बोर्डावर वाकून दोनदा सगळं बघून मगच खेळला होता, तरी तो मोहरा त्याने हिशेबात धरला नव्हता, कारण तोवर मी हेराला एकदाही हलवलं नव्हतं.

तेव्हा पहिली निवड म्हणून मी मधला किल्ला आणि चाचपणीच सुचवीन. जनरल एका बाजूला, मार्शल दुसऱ्या बाजूला पण दुसऱ्या किंवा तिसऱ्या ओळीत. मायनर मागे. शेवटासाठी निदान तीन मायनर आणि दोन स्काउट राखून ठेवा. घरात दहा-बारा वर्षांची मुलं खेळणार असतील तर मात्र कोपरा आणि मुसंडी द्या. त्यांना पट लवकर पेटलेला हवा असतो आणि त्यात त्यांचा हात खेळावर पटकन बसतो.

मांडणी कुठलीही घ्या, डाव सुरू करण्याआधी दोन घरांचा नियम बोलून घ्या: एकच मोहरा त्याच दोन घरांत सलग तीन चालींहून जास्त येरझाऱ्या घालू शकत नाही. ज्याने येरझाऱ्या आधी सुरू केल्या, त्याला आधी थांबावं लागतं. म्हणून कर्नलने मेजरचा पाठलाग करताना लांबच्या घरातून येऊन शेजारी उभं राहावं. मग येरझारीची पहिली चाल मेजरची होते, आणि चौथ्या वेळी अडकतो तोच.