घरघर, खरखर, तडतड: जुना अ‍ॅम्प्लिफायर वर्षभर वापरल्यावर

आधी निकाल सांगतो, रामायण नंतर. अ‍ॅम्प्लिफायर झकास आहे, विकणार नाही. पण बसून निवांत ऐकण्याजोगा व्हायला त्याने अख्खा पावसाळा खाल्ला, आणि त्यातला निम्मा वेळ ज्या आवाजापायी गेला तो त्याचा नव्हताच.

वस्तू अशी: सत्तरच्या दशकाच्या अखेरचा जपानी स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर, चंदेरी तोंड, लाकडी खोकं, एका बाजूला 40 वॉटच्या आसपास. मामा कुवेतला नोकरीला होते, तेव्हा आणलेला. रत्नागिरीकडे गल्फहून आलेल्या असल्या सामानाची एक पिढीच माळ्यांवर पडून आहे. मागच्या बाजूला व्होल्टेजचा खटका आहे, तो सगळ्यात आधी बघावा. खास जपानच्या बाजारासाठी बनलेले सेट फक्त 100 व्होल्टचे असतात, आपल्या 230 वर लावले की ट्रान्सफॉर्मर गेलाच म्हणून समजा. आमचा 240 वर होता. तरी पहिल्यांदा चालू केला तो 100 वॉटचा साधा पिवळा बल्ब सिरीजमध्ये टाकूनच, म्हणजे वीज आधी बल्बातून आणि मग सेटमध्ये. बल्ब भपकन पेटला आणि मंदावला, म्हणजे आत शॉर्ट नाही. एलईडी बल्ब या कामाला चालत नाही.

स्पीकर जोडले तर खालून सतत घरघर. आई गाणं शिकलेली. ती दोन मिनिटं ऐकून म्हणाली, “अरे, तंबोऱ्याखाली कुणी दुसरा तंबोरा लावून ठेवलाय, आणि तो बेसूर आहे.” हे अगदी तंतोतंत खरं आहे, कारण त्या घरघरीला ठरलेला सूर असतो. आपली वीज 50 हर्ट्झची. त्या सुरात गुळगुळीत गुणगुण येत असेल तर ती बहुधा केबलमधून किंवा अर्थिंगच्या घोळातून आलेली. बरोबर एक सप्तक वर, 100 हर्ट्झला, जरा खरबरीत गुरगुर असेल तर आतल्या मोठ्या फिल्टर कंडेन्सरवर (वीज साठवून तिचे चढउतार सपाट करणारा डबा; कंडेन्सर म्हणजेच कपॅसिटर) संशय घ्यायचा, कारण रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) विजेच्या एका आवर्तनाचे दोन ठोके करतो. फोनवर टोन वाजवणारं फुकट अ‍ॅप मिळतं, त्यावर दोन्ही सूर ऐकून ताडून बघता येतं. लहान स्पीकरवर मात्र 50 चा सूर नीट ऐकूच येत नाही, हेडफोन लावा.

त्याहून सोपी कसोटी व्हॉल्यूमच्या बटणाची. बटण शून्यावर आणल्यावर आवाज जसाच्या तसा राहिला तर दुखणं बटणाच्या पुढे, पॉवरच्या भागात. बटणाबरोबर कमीजास्त झाला तर दुखणं अलीकडे, म्हणजे इनपुट, केबल, किंवा जे काय जोडलंय त्यात. आमचा बटणाबरोबर वाढत होता. मागच्या सगळ्या पिना उपटल्या, चिडीचूप. मग एकेक परत लावत गेलो. रेडिओ, ठीक. टीव्ही लावला आणि घरघर हजर. सेट-टॉप बॉक्सची केबलवाल्याची काळी वायर नुसती फिरवून काढली तर गायब! ती वायर खांबावरून येते, तिची जाळी (आतल्या तारेभोवतीचं धातूचं विणलेलं वेष्टन) दूर कुठेतरी जमिनीला जोडलेली, आणि आपल्या घराचं अर्थिंग वेगळं. दोन्हींत जो काही थोडा फरक असेल तो ऑडिओ केबलच्या जाळीतून वाहतो आणि आपल्याला गाऊन दाखवतो. केबलच्या वायरीत लावायचा छोटा आयसोलेटर (सिग्नल जाऊ देऊन जाळीची सलग जोड तोडणारा) मिळतो, तो लावला, विषय संपला.

लॅपटॉपचं प्रकरण निराळं. चार्जर लावला की चुरचुर, बॅटरीवर चालवला की शांत. शिवाय लॅपटॉपच्या पत्र्यावर मनगट टेकलं की बारीक झिणझिण्या. चार्जर तीन पिनांचा होता, पण वायरमनने बोर्ड उघडला तर तिसऱ्या भोकाला हिरवी वायरच नव्हती. ती ओढून घेतली, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घातलं (जांभ्याची जमीन मे महिन्यात ठणठणीत कोरडी होते, मीठ-कोळसा घातलेला असला तरी), आणि चुरचुर जवळपास गेली. याच दुखण्यावर तिसरी पिन कापून टाकण्याचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. घरघर जाईलही. पण उद्या आत वायर सुटून पत्र्याला लागली तर वीज तुमच्या हातातून जमिनीत जाणार. हा सल्ला देणाऱ्याला चहा पाजू नका.

हे सगळं होण्याआधी एका मेकॅनिकला सेट दाखवला होता. त्याने स्पीकर न लावताच सांगितलं, “दादा, चाळीस वर्षांचा माल आहे, सगळे कंडेन्सर बदलून टाकू.” माझं मत स्पष्ट आहे: कंडेन्सर सुकतात हे खरं, उष्णतेने लवकर सुकतात हेही खरं, पण आवाज कुठून येतोय हे न शोधता पन्नासेक कंडेन्सर उपसणं म्हणजे पन्नास ठिकाणी नवं सोल्डर आणि जुन्या बोर्डावरची तांब्याची पट्टी उखडायची तेवढीच संधी.

आता खरखर, म्हणजे बटण फिरवताना येणारी. कोकणच्या खाऱ्या दमट हवेत हे होणारच असं धरून चाललो होतो. प्लग काढून, व्हॉल्यूम कंट्रोलच्या पायांजवळच्या फटीत कॉन्टॅक्ट क्लीनर मारला आणि बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत खूप वेळा फिरवलं. क्लीनर तेलाचा बारीक थर सोडणारा घ्यावा. नुसता उडून जाणारा आतलं ग्रीसही धुऊन नेतो आणि बटण कोरडं, भुरभुरीत फिरायला लागतं. खरखर गेली. गणपतीत मस्त वाजला. दिवाळीच्या सुमारास डाव्या बाजूची परत आली. पुन्हा क्लीनर, पुन्हा थोडे दिवस बरं, पुन्हा खरखर. आणि फक्त डावीकडेच.

दोन्ही बाजूंचे ट्रॅक (बटण फिरवताना आतला काटा ज्यांवरून घसरतो त्या पट्ट्या) एकाच डब्यात, एकाच हवेत. मग मळ एकालाच का धरेल? म्हणून मल्टीमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून व्हॉल्यूम कंट्रोलचे पाय मोजले. उजवीकडे जवळजवळ शून्य, डावीकडे तीस-चाळीस मिलिव्होल्ट. तिथे डीसी असायलाच नको, तो अडवायला आधी एक छोटा कंडेन्सर बसवलेला असतो. तो गळायला लागला की ट्रॅकवर डीसी चढतो आणि मग ट्रॅक कितीही लख्ख असला तरी बटण हललं की खरखर होते. गंमत म्हणजे तो 10 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर काढून मीटरवर मोजला तर 10 च्या आसपासच दाखवत होता. क्षमता शाबूत, पण गळका. भाऊ मुंबईला जाणार होता, त्याने लॅमिंग्टन रोडवरून दोन आणले, दोन्ही बाजूंचे बदलले. क्षमता तीच, व्होल्टेज 25 ऐवजी 50 (जास्त चालतं, कमी चालत नाही). तेव्हापासून बटण लोण्यासारखं आहे. पन्नास नव्हे, दोन कंडेन्सर.

आत हात घालणार असाल तर एवढं पाळा: प्लग काढल्यावरही मोठे फिल्टर कंडेन्सर भरलेले असतात. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणग्या काढण्याची पद्धत सर्रास दिसते, ती नको. 1 किलोओहम, 5 वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड चिमट्यांनी थोडा वेळ लावून ठेवा आणि मग मीटरने खात्री करा.

उरलेलं थोडक्यात. हळू आवाजात उजवा स्पीकर गुपचूप बसायचा आणि जोरात लावला की जागा व्हायचा, तो स्पीकरच्या रिलेचा (स्पीकर जोडणारा-तोडणारा, विजेवर चालणारा खटका) काळा पडलेला कॉन्टॅक्ट. पॉलिश पेपर मारू नये, वरचा मुलामा जातो. नवा रिले बसवला. अधूनमधून होणारी तडतड प्लास्टिकच्या पेनाने बोर्डावर हलकेच टकटक करून सापडली, फ्यूजच्या क्लिपखाली ड्राय सोल्डर (नीट न धरलेला डाग) होतं. संध्याकाळी ठरावीक वेळी येणारा भुंग्यासारखा आवाज शेजारच्या खोलीतल्या फॅनच्या जुन्या गोल रेग्युलेटरचा. टप्प्याटप्प्याने फिरणारा कपॅसिटरवाला रेग्युलेटर लावल्यावर थांबला.

आजची स्थिती: रेकॉर्ड प्लेयरवर व्हॉल्यूम पूर्ण उघडला तर हलका सळसळाट येतो, पण सुईकडून येणारे जेमतेम पाच मिलिव्होल्ट शंभर पट वाढवणाऱ्या सर्किटकडून याहून जास्त अपेक्षा मी करत नाही. घरघर मात्र तिथेही नाही, प्लेयरची बारीक अर्थची वायर मागच्या स्क्रूला घट्ट आवळलेली हवी. लोडशेडिंगला साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मर स्वतःच गुरगुरतो, तेव्हा बंद ठेवतो.

असा सेट विकत घ्यायला जाणार असाल तर खिशात हेडफोन न्या. इनपुट सगळे मोकळे ठेवून व्हॉल्यूम शून्यावर ऐका, मग हळू वाढवत न्या, मग प्रत्येक बटण आणि खटका हलवा. विकणारा गाणं जोरात लावून दाखवत असेल तर त्याला ते बंद करायला सांगा.