30 टक्के भरा म्हणे, बाकी सरकार भरते

लाज वाटते, पण सांगतो. आमच्या गावात माझ्यासारखे अजून चार जण निघाले अन् एकही तोंड उघडायला तयार नाही. वीजबिल माफीच्या नावाखाली दारात आलेल्या एका भामट्यानं माझे 7,131 रुपये नेले.

घरचं मीटर दोन वर्षांपासून काढून नेलेलं. थकबाकी 19,860, त्यात मूळ बिल 14,270, बाकी सारं व्याज न् दंड. शेजाऱ्याकडून वायर ओढून एक बल्ब चालत होता. 2024 च्या सप्टेंबरात कायमची लाईन कापलेल्यांसाठी अभय योजना आली, तिच्यातला 30 टक्क्यांचा आकडा खरा होता म्हणूनच तं फसलो. खऱ्या योजनेत मूळ रकमेचे 30 टक्के आधी भरायचे, बाकीचे सहा हप्त्यांत आपणच भरायचे, माफ फक्त व्याज अन् विलंब आकार. हा लेकाचा म्हणे बाकीचे सरकार भरते. "काका, सरकारी पैसा हाये, तुमी नाही घेतला तं दुसरा कोनी घेईन."

गळ्यात कार्ड, काळी बॅग, छापील पावतीबुक. सोयाबीन सोंगणीचे दिवस, मी वावरातून थकून आलेलो. त्यानं जुनं बिल मागितलं, मी दिलं, अन् मोबाईलात पाहून थकबाकी बरोब्बर सांगितली. वाटलं ऑफिसचाच माणूस, नाहीतर आकडा कसा माहीत? अरे बयताडा, ग्राहक क्रमांक टाकला की बिल कोणालाही दिसते, अन् तो तूच त्याच्या हातात दिला! बिल कोणाला देऊ नका, फोटो तं मुळीच काढू देऊ नका.

पोरानं क्यूआर स्कॅन केला. स्क्रीनवर नाव आलं एका बाईचं. पोरगा म्हणाला, "बाबा, हे तं कोन्या बाईचं नाव येऊन राह्यलं." साहेब म्हणाला कलेक्शनचं खातं आहे, अन् मी उलट पोरालाच रागावलो, मोठ्या माणसासमोर शहाणपणा शिकवू नको म्हणून. मूळ बिलाचे 30 टक्के म्हणून 4,281 अन् फाईलचे 350. पंधरा दिवसांनी फोन, मीटर मंजूर झालं, डिपॉझिट 2,500 टाका. तेही टाकले. मी काही अडाणी नाही, बारावी झालोय, पीक विमा स्वतः भरतो, पण घरात अंधार असला की माणूस पटकन विश्वास ठेवते. पावतीवर ग्राहक क्रमांक अकराच आकडी होता, खरा बारा आकडी असते. मोजला कधी? पैसे गेल्यावर.

वीज ऑफिसात म्हणे असा माणूस आमचा नाही, विषय संपला. ठाण्यात म्हणे रक्कम लहान आहे, अर्ज ठेवून जा. पोच मागितली तं शिक्का साहेबांच्या कपाटात, साहेब बंदोबस्तात. बँकेत म्हणे ठाण्याचं पत्र आणा, ठाण्यात म्हणे बँकेचं स्टेटमेंट आणा, तीन खेपा झाल्या, दर खेपेला रोजी बुडाली ते वेगळंच, अन् प्रत्येक टेबलावर तोच प्रश्न, "तुम्ही दिलेच कशाला?" सायबर फसवणुकीच्या 1930 नंबरवर फोन लावला तेव्हा पहिल्या पैशाला एकोणीस दिवस झाले होते, खातं रिकामं. त्याच दिवशी लावा, लाजत बसू नका.

शेवटी दोन क्विंटल सोयाबीन 3,900 नं विकलं, हमीभाव 4,892 असताना, अन् तेच 4,281 दुसऱ्यांदा भरले, यावेळी काउंटरवर. पावती पोरानं घेतली, बोट ठेवून बाराही आकडे मोजले, अन् मंगच मला निघू दिलं.