संगणकाचं घड्याळ चुकतंय: सेल बदलायचा की सेटिंग?

घड्याळ चुकलं की बहुतेक जण हाताने वेळ लावून मोकळे होतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग कोणी सेल बदलायला सांगतं, कोणी इंटरनेटवरून वेळ पुरवणारा सर्व्हर बदलायला, कोणी वेगळं सॉफ्टवेअर टाकायला. हे तिन्ही उपाय खरे आहेत, पण तुमच्या संगणकाला कोणता लागू पडेल हे चूक किती आहे आणि कधी होते यावर ठरतं. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, वेळ दुरुस्त करण्याआधी ती किती मिनिटांनी, किती तासांनी चुकली हे कागदावर लिहून ठेवा. वेळ एकदा बरोबर लावली की तो पुरावा पुसला जातो.

संगणकात घड्याळं दोन असतात. एक मदरबोर्डवरचं, म्हणजे संगणकातल्या मुख्य सर्किट बोर्डवरचं. त्यातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि संगणक बंद असताना ते छोट्या गोल सेलवर चालतं. दुसरं ऑपरेटिंग सिस्टिमचं. सुरू होताना ती मदरबोर्डवरची वेळ वाचते, पुढची मोजणी स्वतः ठेवते आणि अधूनमधून इंटरनेटवरच्या सर्व्हरशी पडताळून घेते. साध्या स्फटिकाची चूक दहा लाखांत २० भाग धरली, तर दिवसाला पावणेदोन सेकंदांच्या आसपास फरक पडतो. महिन्याकाठी जवळजवळ मिनिटभर. तेव्हा तुमचं घड्याळ मिनिट-दोन मिनिटं सरकलं असेल तर सेल बहुधा निर्दोष आहे, फक्त पडताळणी होत नाहीये. तारीख थेट काही वर्षं मागे गेली असेल तर संशय सेलवर घ्या. आणि फरक ठरावीक तासांचा, दर वेळी तेवढाच असेल तर गोष्ट तिसरीच आहे.

सेल आणि सेटिंग यांत गोंधळ का होतो, हे मी घरच्या जुन्या डेस्कटॉपवर अनुभवलं. दिवसभर वेळ बरोबर, सकाळी मात्र चुकलेली. मी सर्व्हर बदलत बसलो. खरं कारण असं की रात्री आम्ही भिंतीवरचं बटण बंद करायचो. प्लग चालू असेपर्यंत मदरबोर्डला थोडी वीज मिळत राहते आणि मेलेला सेल लक्षातच येत नाही. म्हणून रात्रभर मेन स्विच बंद ठेवा आणि सकाळी विंडोज सुरू होण्याआधी थेट बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगच्या पडद्यावर, जाऊन वेळ पाहा. तिथे काटा मागे पडला असेल तर सेल. तिथे ठीक आणि विंडोजमध्ये चूक, तर सेटिंग.

डेस्कटॉपचा सेल बहुधा सीआर२०३२ असतो, ३ व्होल्टचा. बदलणं पाच मिनिटांचं काम, पण त्याला दोन बाजू आहेत. जुन्या मदरबोर्डवर बायोसची सगळी सेटिंग मूळपदावर जातात, म्हणून आधी त्या पडद्यांचे फोटो काढा. ड्राइव्हला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं माहिती कुलूपबंद ठेवणारं एन्क्रिप्शन, असेल तर त्याची रिकव्हरी की हाताशी हवीच, कारण बायोस बदलल्यावर ती मागितली जाऊ शकते. लॅपटॉपमध्ये हा सेल अनेकदा वायरने जोडलेला असतो, काहींत वेगळा नसतोच. तिथे उघडण्याआधी त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल पाहा. काढलेला सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. तो गिळला गेला तर जिवावर बेतू शकतं.

सेल बदलला तरी विंडोज अडून बसते, याचं कारण फार कमी जणांना माहीत असतं. घरगुती विंडोज मूळ सेटिंगनुसार १५ तासांपेक्षा मोठा फरक आपणहून दुरुस्त करत नाही. म्हणून आधी तारीख-वेळ हाताने जवळपास लावा, टाइम झोन तपासा, मग विंडोजच्या तारीख-वेळेच्या सेटिंगमधलं 'सिंक नाऊ' दाबा. ब्राउझर साइट उघडायला नकार देत असेल तर तेही चुकीच्या तारखेमुळे असू शकतं, कारण सुरक्षा प्रमाणपत्रांना सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. हाताने वेळ लावण्याचा उपयोग एवढाच, पहिली पायरी म्हणून.

'सिंक नाऊ' तरीही अपयशी ठरलं, तर सर्व्हर बदलण्याआधी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर करून पाहा. तिथे जमलं तर दोष घरच्या नेटवर्कचा. वेळ यूडीपी या नेटवर्क-पद्धतीच्या १२३ क्रमांकाच्या पोर्टवरून, म्हणजे ठरलेल्या दारातून, येते आणि राउटर किंवा फायरवॉल ते अडवू शकतो. हॉटस्पॉटवरही जमलं नाही तर 'विंडोज टाइम' ही सेवा चालू आहे का आणि संगणकातलीच फायरवॉल किंवा अँटिव्हायरस आड येतो का, ते बघा. सर्व्हर बदलणं त्यानंतरची गोष्ट. टाइम.विंडोज.कॉमऐवजी पूल.एनटीपी.ऑर्ग चालतो, आणि घरी दोघांतला फरक तुम्हाला जाणवणारही नाही.

आता ठरावीक तासांचा फरक. एक तर टाइम झोन चुकीचा निवडलेला असतो, किंवा एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स नांदत असतात. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवते, लिनक्स यूटीसी, म्हणजे जगभर एकच धरली जाणारी प्रमाणवेळ. दोघंही स्वतःपुरते बरोबर आणि एकमेकांना चुकवतात. यावर दोन मार्ग आहेत. लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगणं टाइमडेटसीटीएल या लिनक्सच्या वेळ लावणाऱ्या साधनाच्या एका आज्ञेत होतं, पण उन्हाळी वेळ पाळणाऱ्या, म्हणजे उन्हाळ्यात घड्याळ पुढे नेणाऱ्या, देशात घड्याळ पुढेमागे करायचं कोणी यावरून गोंधळ होतो, आणि ती आज्ञा स्वतःच तसा इशारा देते. विंडोजला यूटीसी शिकवायला रजिस्ट्रीत, म्हणजे तिच्या अंतर्गत सेटिंगच्या कोठारात, एक नोंद करावी लागते. ते थोडं धाकधुकीचं काम, पण एकदा झालं की टिकतं. उन्हाळी वेळ नसेल तिथे मी पहिला मार्ग घेईन, असेल तिथे निःशंक दुसरा.

वेगळ्या सॉफ्टवेअरची गरज घरी क्वचितच पडते. लिनक्सवर क्रोनी हा वेळ जुळवणारा कार्यक्रम उत्तम आहे, विशेषतः वारंवार झोपणाऱ्या लॅपटॉपवर किंवा तुटक नेट असेल तिथे. पण असं काही बसवलंत तर आधीची वेळ-सेवा बंद करा. दोन कार्यक्रम एकाच घड्याळाला हात घालू लागले की ते पुढेमागे उड्या मारतं, आणि मग सेल, सर्व्हर, सेटिंग यांपैकी दोष कोणाचा हे शोधणं अशक्य होऊन बसतं.