तीन बर्नरचा गॅस ग्रिल आणि स्टेनलेसची जाळी: उन्हाळा-हिवाळा वापरून झाल्यावर

आम्ही शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहतो. घरातली शेगडी विजेची, वर सपाट काच. तिच्यावर वांगं भाजता येत नाही आणि ओव्हनमध्ये भाजलं तर उकडल्यासारखं लागतं. इथल्या बऱ्याच मराठी घरांत ग्रिल पहिल्यांदा येतो तो भरताच्या वांग्यापायी. कणीस, पनीर, मासे, चिकन हे सगळं त्यामागून येतं.

घर घेतलं तेव्हा आधीच्या मालकांनी दोन बर्नरचा छोटा ग्रिल मागे ठेवला होता. त्याच्या बर्नरच्या नळ्या गंजून भोकं पडली, म्हणून मागच्या मे महिन्यात तीन बर्नरचा, मधल्या किमतीचा नवा घेतला. उन्हाळा संपता संपता त्याची जाळीही बदलली. मॉडेलचं नाव देत नाही, कारण एकाच सांगाड्याला वेगवेगळी जाळी लावून वेगवेगळ्या क्रमांकांनी विकलं जातं. घेताना काय पाहायचं ते सांगितलेलं जास्त उपयोगी पडेल.

दुकानात सगळ्यात मोठ्या अक्षरांत बीटीयूचा (उष्णता मोजायच्या एककाचा) आकडा लिहिलेला असतो. तासाला किती गॅस जळू शकतो, एवढंच तो सांगतो. त्याला जाळीच्या क्षेत्रफळाने भागलं तर काहीसा अंदाज येतो. चौरस इंचामागे ७५ ते १०० असलं की घरच्या कामाला पुरतं. आमच्या जुन्याचं उत्तर साधारण ७० यायचं, नव्याचं ७७ च्या आसपास. फरक एवढासाच, पण जुन्यावर चिकन पांढरट राहायचं आणि नव्यावर खरपूस होतं. कारण पेटीत आहे. जुन्याची पेटी पातळ पत्र्याची होती, नव्याची ओतीव ॲल्युमिनियमची आहे, झाकण जड आहे आणि कडेला फट न ठेवता बसतं. तिन्ही बर्नर मोठे ठेवून झाकण लावलं की दहा-बारा मिनिटांत आत ५०० फॅरनहाइट, म्हणजे २६० सेल्सियस होतं आणि झाकण उघडून मिटलं तरी ते लवकर परत चढतं. दुकानात झाकण उचलून हलकेच सोडून पाहा, गाडा दोन्ही हातांनी हलवून पाहा. डुगडुगत असेल तर किंमत कितीही कमी असो, घेऊ नका.

बर्नरच्या वर ज्या तिरक्या पट्ट्या असतात त्याही वाकून बघाव्यात. पूर्वी तिथे लाव्हाचे दगड पसरत. ते चरबी शोषून घेत आणि मग भडका उडे. वेबर कंपनीने १९८५ साली जेनेसिस ग्रिल आणला तेव्हा दगडांऐवजी तंबूच्या आकाराच्या धातूच्या पट्ट्या घातल्या. आता बहुतेक ग्रिलमध्ये तसंच काही असतं. वरून पडलेला रस पट्टीवर जळून धूर होतो आणि तो धूर पदार्थाला लागतो. गॅसच्या ग्रिलवर जी काही भाजकी चव येते तिचा मोठा भाग इथला. पट्ट्या पातळ असतील तर त्या लवकर खंगतात. जाड स्टेनलेसच्या असाव्यात आणि सुट्या विकत मिळायला हव्यात.

आता जाळी. ग्रिलबरोबर आली होती ती बिडाची, वर काळा चकचकीत पोर्सिलेनचा मुलामा. पहिले काही आठवडे ती उत्तम चालली. बीड उष्णता चटकन पदार्थात सोडतं, पनीरवर ठसठशीत काळे पट्टे उठायचे. पण मुलामा म्हणजे काचच. चिमट्याचा घाव, थंड पाण्याचा शिडकावा, साफ करतानाची खरवड यांनी त्याचे टवके उडतात, आणि एकदा टवका उडाला की खालच्या बिडाला गंज धरतो. आमच्याकडे हे पहिल्याच मोसमात झालं. कंपनीने फोटो मागवले आणि बदली जाळी पाठवली. तीही तशीच मुलाम्याची, म्हणून ती तळघरात गेली.

बिनमुलाम्याची बिडाची जाळीही मिळते. तेल पाजून ती बिडाच्या तव्यासारखी मुरवावी लागते. स्टेक भाजणाऱ्यांसाठी ती चांगली असेल. आपल्या स्वयंपाकात मात्र दही, लिंबू, कोकम, चिंच असतंच. आंबट मसाला तापल्या बिडावरचा तेलाचा थर खातो. दर वेळी नव्याने मुरवत बसायची तयारी नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नये, असं माझं मत आहे.

शेवटी घेतली ती ३०४ प्रतीच्या स्टेनलेसच्या भरीव गजांची, गज ९ मिलिमीटर जाड. स्टेनलेस गरम राहत नाही असं पुष्कळ जण सांगतात. ते पातळ गजांपुरतं खरं आहे. उष्णता साठवायची ताकद मुख्यतः वजनावर ठरते आणि किलोला किलो पाहिलं तर बीड आणि स्टेनलेस यांत फारसा फरक नाही. फरक उष्णता वाहून नेण्यात आहे. तिथे बीड स्टेनलेसच्या साधारण तिप्पट. त्यामुळे पट्टे बिडावर जास्त गडद उठतात हे खरंच, पण जाड स्टेनलेसची जाळी पंधरा मिनिटं नीट तापवली की काम अडत नाही. घेताना खिशात लोहचुंबक ठेवा. ३०४ ला तो जवळजवळ धरत नाही. गच्च चिकटला तर बहुधा ४३० प्रतीचं स्वस्त स्टेनलेस आहे, ते ओलाव्यात गंजाचे डाग धरतं. आमची जाळी हिवाळाभर बाहेर राहिली. रंग सोनेरी-तपकिरी झाला, गंज कुठेही नाही.

गजांमधली फटही मोजून घ्या. आमच्यात ती जेमतेम एक सेंटिमीटर आहे, तरी बारीक भेंडी उभी टाकली तर खाली जाते, आडवी टाकावी लागते.

आपल्याकडच्या लोकांसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट यापुढची आहे, आणि इथल्या कुठल्याही माहितीपत्रकात ती सापडणार नाही. जाळी एकसंध आहे की तुकड्यांत, ते पाहा. आमच्या अंगणात जमणाऱ्यांत निम्मे तरी शाकाहारी असतात. सासूबाई पुण्याहून सहा महिन्यांसाठी येतात, श्रावण-चातुर्मास पाळतात. एकच जाळी असली की त्या काही न बोलता पोळी-भाजी वाढून घ्यायच्या आणि मला ते फार लागायचं. नव्या जाळीचे तीन स्वतंत्र भाग आहेत. त्याच मापाचा चौथा भाग वेगळा विकत घेतला. तो फक्त भाज्या-पनीरचा, त्याच्या एका टोकाला तांब्याची तार गुंडाळली आहे. तो आत पिशवीत राहतो आणि त्याचा चिमटाही वेगळा. आधी भाज्यांची जाळी चढवून शाकाहारी मंडळींचं सगळं होतं, मग ती उतरवून दुसरी लावतो. सासूबाई आता स्वतः बाहेर येऊन कणसं फिरवतात. एवढ्या एका कारणासाठीही मी हा खर्च पुन्हा केला असता.

पदार्थांबद्दल. इथलं मोठं काळं वांगं पाणचट असतं. त्याला दोन-तीन ठिकाणी चीर द्या, चिरेत लसणाची पाकळी खोचा, तेलाचा हात लावा आणि मोठ्या आचेवर झाकण लावून भाजा. मधूनमधून फिरवत पाऊण तास लागू शकतो. साल कोळसा झाली आणि देठ मऊ पडला की झालं. सोलल्यावर गर चाळणीत निथळू द्या, नाहीतर भरताला पाणी सुटतं. थेट ज्योतीवरचा वास जसाच्या तसा येत नाही, कारण मध्ये पट्ट्या असतात, पण ओव्हनपेक्षा तो कितीतरी जवळचा आहे. अमेरिकी मका फार गोड आणि कोवळा, साखरेमुळे लवकर करपतो. त्याला मध्यम आच आणि सतत फिरवणं हवं. रवा लावलेला मासा ग्रिलवर टाकू नये, रवा खाली गळून जळतो. सालीसकट सामन घेऊन आलं-लसूण-कोकम लावून, साल खाली ठेवून भाजला तर सुंदर होतो. जाळी पूर्ण तापलेली हवी, तेल माशाला लावलेलं हवं आणि मासा स्वतःहून सुटेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. चिकनच्या तंगड्या एका बाजूचा बर्नर बंद ठेवून त्या बाजूला झाकणाखाली शिजवायच्या आणि शेवटची पाच मिनिटं आचेवर आणायच्या. आत १६५ फॅरनहाइट व्हायलाच हवं. त्यासाठी हातातला थर्मामीटर वापरा. झाकणावरची तबकडी वरच्या हवेचं तापमान दाखवते, जाळीवरचं नाही.

गॅसचं एक सांगायलाच हवं. नवा ग्रिल अचानक मंद जळायला लागला, ३०० फॅरनहाइटच्या वर जाईना, तर बर्नर बिघडला असं लगेच समजू नका. रेग्युलेटरमध्ये गळतीपासून वाचवणारी सोय असते. सिलिंडर झटक्यात उघडला तर तिला गळती झाली असं वाटतं आणि ती गॅस अडवते. सगळं बंद करा, रेग्युलेटर सोडवा, थोडं थांबून परत लावा, बटणं बंद असताना सिलिंडर अगदी सावकाश उघडा आणि मग पेटवा. पेटवताना झाकण कायम उघडं. मोसमाच्या सुरुवातीला जोडांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहायचं. ज्योत पिवळी झाली तर बर्नरच्या नळीत कोळ्याने जाळं केलंय का तेही बघायचं; हे इथे सर्रास होतं.

थंडीत चालतो का, असं सगळे विचारतात. चालतो. भारतातल्या एलपीजीत ब्युटेनही असतो आणि तो शून्याच्या आसपास वाफ होणं थांबवतो. इथल्या सिलिंडरात जवळजवळ सगळा प्रोपेन असतो, त्याचा उत्कलनबिंदू उणे ४२ सेल्सियस आहे. जानेवारीत तापायला जास्त वेळ लागतो, आणि थंडीपेक्षा वारा जास्त त्रास देतो. अदलाबदलीच्या सिलिंडरात वीसऐवजी बहुधा पंधराच पौंड गॅस भरलेला असतो, म्हणून मी भरून देणाऱ्याकडे जातो. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या गळ्यावर कोरलेलं असतं. ते वजा केलं की किती उरलाय ते कळतं.

साफसफाईला तारेचा ब्रश आमच्याकडे बंद आहे. त्याची सुटी तार जाळीला चिकटून घासाबरोबर पोटात गेल्याचे र्‍होड आयलंड राज्यातले रुग्ण सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसंस्थेने २०१२ साली नोंदवले होते. जाळी तापवून अर्धा कांदा काट्याला टोचून, तेलात बुडवून घासायचा, दोशाच्या तव्याला करतात तसा. स्टेनलेसला एवढं पुरतं. खालचा चरबीचा ट्रे मात्र दर दोन-तीन वेळांनी रिकामा करा, मोठी आग लागते ती तिथूनच. बाजूच्या फळीवर हळदीचे डाग पडले आहेत, ते जात नाहीत.

अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर पैसे भरण्याआधी इमारतीचे आणि गावाच्या अग्निशमन खात्याचे नियम विचारा. बाल्कनीत प्रोपेनचा ग्रिल अनेक ठिकाणी चालत नाही. घरात पाइपचा नैसर्गिक गॅस असेल तर त्याच गॅससाठी बनवलेला ग्रिल घ्या. नुसती नळी बदलून भागत नाही, बर्नरची भोकंच वेगळ्या मापाची असतात. आणि जाळी वेगळी मागवणार असाल तर जुन्या जाळीची लांबी-रुंदी मोजण्याबरोबर ती ज्या कडेवर टेकते ती कडही मोजा. लांबी अर्धा इंच कमी पडली तरी गज आत घसरतो.