‘द फर्स्ट टाइम एव्हर आय सॉ युअर फेस’: पेगी सीगरच्या लयीत गायचं की रोबर्टा फ्लॅकच्या?

हे इंग्रजी प्रेमगीत बसवायला घेतलं की आधी लय ठरवावी लागते. ब्रिटिश लोकगायक इवन मॅकॉलने ते १९५७ मध्ये अमेरिकन लोकगायिका पेगी सीगरसाठी लिहिलं. ती तेव्हा अमेरिकेत होती. गाणं त्याने तिला फोनवरून शिकवलं. तिचं सुरुवातीचं एक ध्वनिमुद्रण जेमतेम अडीच मिनिटांचं आहे. अमेरिकन गायिका रोबर्टा फ्लॅकने १९६९च्या ‘फर्स्ट टेक’ या अल्बममध्ये तीच तीन कडवी पाच मिनिटं बावीस सेकंद गायली. गाण्याला ध्रुवपद नाही, तिन्ही कडव्यांना चाल एकच. त्यामुळे लय बदलली की भावच बदलतो.

दुसरं कडवं दोघींकडून लागोपाठ ऐका. हातातली पृथ्वी हलते, पकडलेल्या पाखराच्या काळजासारखी, अशी तिथे प्रतिमा आहे. पेगीकडे ही धडधड गिटारमध्येच आहे: बोटं थांबत नाहीत, एक ओळ सरते न सरते तोच दुसरी येते. नुकतंच प्रेमात पडलेल्या माणसाची ही घाई. रोबर्टाकडे तेच पाखरू ओंजळीत निश्चल बसलेलं वाटतं. ती शब्द लांबवते, सोडते आणि मग पियानो व रॉन कार्टरने वाजवलेला बास जवळजवळ गप्प राहतात.

पेगीची लय घेणार असाल तर अंगठ्याने खर्जाच्या तारा आणि उरलेल्या बोटांनी वरच्या, हे वादन आधी आठवडाभर न गाता घोटा. नाहीतर गळा गिटारच्या मात्रेला चिकटतो आणि शब्द ठोकल्यासारखे पडतात. हात सरळ चालू दे, गळा किंचित मागेपुढे होऊ दे.

रोबर्टाची लय वरवर सोपी वाटते, पण फसगत इथेच जास्त होते. भावगीतावर वाढलेल्या गळ्याला रिकाम्या जागेत मुरकी घ्यायचा मोह आवरत नाही. घेऊ नका, ती शांतता गाण्याचाच भाग आहे. श्वास ओळ संपल्याबरोबर सावकाश घ्या; पुढच्या ओळीच्या तोंडाशी घेतला तर पहिला स्वर ढकलला जातो. आणि लांबवलेला स्वर शेवटी उतरतोय का, हे रेकॉर्ड करून तपासा. खुद्द रोबर्टालाही आपलं गाणं फार संथ वाटत होतं. १९७१च्या ‘प्ले मिस्टी फॉर मी’ या चित्रपटासाठी ते जलद करून पुन्हा गायची तिची तयारी होती, पण दिग्दर्शक क्लिंट ईस्टवूडने आहे तसंच मागितलं. १९७२ मध्ये ते अमेरिकेत सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं.

एकटे गिटारवर गाणार असाल तर पेगीचीच लय घ्या. चांगला पियानोवादक आणि दमदार श्वास असेल तरच दुसरी. तरीही आधी पेगीच्या लयीत पाठ करा, म्हणजे ओळीचा आकार कळतो. थेट संथ शिकणाऱ्यांची ओळ मधेच तुटते.

तिसऱ्या कडव्यातले शब्द मात्र मूळचेच ठेवा. किंग्स्टन ट्रिओ या अमेरिकन लोकगीत गटाने १९६२ मध्ये तिथला सोबत निजण्याचा उल्लेख बदलून जवळ घेण्यावर आणला. चेहरा, ओठ, मग देह अशी ही चढण आहे. वरची पायरी काढली तर पृथ्वी भरून टाकणारा तो आनंद कशाचा, हे ऐकणाऱ्याला कळत नाही.